ताजी काच

मंगळवार, ४ मार्च

राख पडली! आईच्या छपरावर — आणि मी इथे खाली, ज्वालामुखीच्या वेधशाळेत, मायक्रोस्कोपची भिंगं पुसत बसलेली.

पहाटे डोंगर एकदा खाकरला म्हणे, आणि मग करड्या पिठासारखं काहीतरी सगळ्या वस्तीवर येऊन बसलं. छपरावर ताट मीच ठेवून आले होते गेल्या महिन्यात. तेव्हा काकाने विचारलं होतं, हे काय, डोंगराचं पान वाढलंस का? आज डोंगरानेच वाढलं. दुपारच्या बसच्या ड्रायव्हरकडे आईने औषधाच्या बाटलीत भरून राख पाठवली. बाटलीच्या गळ्याला लाल दोरा. आईला तारीख लिहिता येत नाही म्हणून आम्ही वारांचे रंग ठरवून घेतलेत, मंगळवार लाल. वेधशाळेच्या प्रमुख आमच्या मॅडम, त्यांनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाल्या, तुझ्या आईची पद्धत आपल्यापेक्षा बरी, आपली शाई पुसून जाते.

राख पाण्यात घातली, हलवली, गढूळ पाणी ओतलं. पुन्हा. पुन्हा. पाणी नितळ होईपर्यंत. चाळणी ब्रशने झाडली, धुतली, उजेडासमोर धरून एकेक भोक तपासलं. आधीच्या एखाद्या नमुन्याचा कण जाळीत अडकून राहिला तर? माझ्या हातून तसं झालं तर? मॅडम म्हणतात, एवढी घाबरू नकोस, चाळणी झिजेल.

बुधवार, ५ मार्च

जुनी राख. हुश्श.

सगळे कण मळकट, पिवळट, कडा बोथट, वर मातीचा लेप. म्हणजे डोंगराच्या पोटातलं पाणी तापलं, वाफ कोंडली, आणि वाफेने गळ्यातला जुनाच दगड फोडून बाहेर फेकला. खालचा शिलारस जागचा हललेला नाही. तो वर आला असता तर काच दिसली असती.

हे मला मॅडमनी शिकवलं त्याला आता तीन वर्षं होतील. सोड्याची बाटली आणली होती त्यांनी. म्हणाल्या, खूप खोल, जिथे सगळं दाबाखाली आहे, तिथे दगड वितळतो. वितळलेला दगड भोवतालच्या दगडापेक्षा हलका, म्हणून तो वाट काढत वर येतो, वाटेत कुठेतरी साठून राहतो. त्यात वायू विरघळलेला असतो, या सोड्यात आहे तसा, दिसत नाही. मग बूच काढलं. फेस माझ्या बाहीवर! त्या हसल्या. आता हाच फेस तापलेल्या दगडाचा आहे असं समज, आणि तो हवेत फाटून एका क्षणात गार झाला. स्फटिक बनायला वेळच नाही. जे उरतं ती काच.

आमचं घर ज्या खाणीवर चाललं ती याच फेसाची. हलका दगड, पाण्यावर तरंगणारा. बाबांनी आणि काकाने जन्मभर तो कापला, आणि तो दगड म्हणजे गोठलेले बुडबुडे आहेत हे घरात पहिल्यांदा मी सांगितलं. काका म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही हवाच विकली की!"

शुक्रवार, ७ मार्च

वस्तीतली निम्मी घरं आपापल्या नातेवाइकांकडे खाली गेली. कोणी सांगितलं नव्हतं, राख बघूनच. खाण बंद. आईबाबा, काका वरच आहेत. मी आईला म्हटलं, तुम्हीही या, माझ्या खोलीत राहू. ती म्हणाली, बाबांना विचार. बाबा फोनवर आलेच नाहीत.

मागच्या वेळचं मला आठवतं. मी शाळेत होते. सरकारने सगळ्यांना ट्रकमध्ये घालून खाली आणलं, शाळेच्या सभागृहात ठेवलं. डोंगराने काहीच केलं नाही. पावसाळा गेला, हिवाळा गेला. एका सतरंजीवर दोन कुटुंबं. आजी तिथेच गेली, भिंतीकडे तोंड करून. परत गेलो तर दारंखिडक्यासुद्धा कोणीतरी काढून नेलेली. बाबा त्या दिवशी उंबऱ्याशी बसून राहिले होते, आत जायला काही राहिलंच नाही म्हणून.

पण मी शिकले ती त्याच शाळेत. त्या महिन्यांत तिथल्या मास्तरांना मी रिकामी सापडले आणि त्यांनी मला शिकवायला घेतलं. हे मी घरी कधी बोलत नाही.

सोमवार, १० मार्च

काच.

काल पुन्हा थोडी राख पडली, आईने रविवारच्या पांढऱ्या दोऱ्याची बाटली पाठवली. चौथ्या स्लाइडवर दिसली. काळी, चकचकीत, कडा अशा की बोटात रुततील. एका कणात अर्धा बुडबुडा कापल्यासारखा. लेप नाही, गंज नाही. मग दुसरा कण. मग आणखी.

पहिला विचार — चाळणी. नवी चाळणी काढली, कागदातली, न वापरलेली. बाटलीत उरलेली राख तिच्यातून काढली. पुन्हा काच.

मॅडमना बोलावलं. त्यांनी बराच वेळ डोळा भिंगाला लावून ठेवला. माझ्या पाठीवर हात ठेवला, डोळा न काढताच. म्हणाल्या, "छान पकडलंस." मला रडूच येणार होतं. मग सरळ झाल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, जुनीही असू शकते. मागच्या कुठल्यातरी उद्रेकातली, विवराच्या भिंतीत गाडलेली, तिथून निघालेली. मोठ्या प्रयोगशाळेत पाठवते, ते नक्की सांगतील. तोवर कोणाशी बोलू नकोस.

मी खोलीवर आले आणि आईला फोन केला. बोलायचं नव्हतं, बोलून गेले. म्हटलं, आई, काच दिसलीय, पण अजून नक्की नाही. ती म्हणाली, काच म्हणजे वाईट का गं? मी म्हटलं, ताजी असली तर.

मंगळवार, ११ मार्च

बाबा अचानक वेधशाळेच्या गेटवर! करवतीचं पातं घ्यायला गावात आलो होतो म्हणाले. मी जेवण अर्धवट सोडून धावत गेले तर ते निघायच्या बेतात. चहाही घेतला नाही. जेवतेस ना नीट, एवढंच विचारलं. माझ्या एप्रनची वरची गुंडी तुटलीय ती बघितली आणि म्हणाले, लावून घे, साहेब लोकांत वावरतेस.

पहिल्यांदाच आले ते इथे. मला माझं टेबल दाखवायचं होतं.

गुरुवार, १३ मार्च

जुनी निघाली!

अधिकाऱ्यांच्या बैठकीत मॅडमनी सांगितलं, वाफेचा उद्रेक आहे, वस्ती हलवायची गरज नाही. भूकंपाची यंत्रं सांभाळणारे दादा कुरकुरले, सुई दोन दिवस थांबली नाहीये. मॅडम म्हणाल्या, वाफेनेही सुई हलते. मी बाहेर आल्यावर विचारलं, प्रयोगशाळेचं उत्तर आलं का? "त्यांचंही तेच म्हणणं." कण पुन्हा बघावेत असं वाटलं, पण स्लाइड त्यांच्या कपाटात आहे, आणि माझ्यापेक्षा त्यांना कळतं. तीन वर्षांत त्यांचं एकदाही चुकलेलं मी पाहिलेलं नाही.

उद्या मी वर जायचंय. मॅडमनी सांगितलं, लोक घाबरून खाली येऊन राहिलेत, त्यांना तुझ्या शब्दांत समजाव. "तुझ्या तोंडून ऐकलं की त्यांचा विश्वास बसेल."

शुक्रवार, १४ मार्च

खाणीसमोरच्या मोकळ्या जागेत सगळे जमले. खाली गेलेल्यांनी पाठवलेली माणसंही आली होती. मी एका दगडावर उभी राहिले. मला वाटलं कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही. म्हातारी माणसं हाताचा कान करून ऐकत होती — माझं!

मी सांगितलं, डोंगरात पाणी मुरतं, खालच्या उष्णतेने उकळतं, झाकण घट्ट लावलेल्या भांड्यासारखं. झाकण उडतं, राख पडते. रस वर येणं निराळं. एकाने विचारलं, आणि आला तर? मी म्हटलं, या डोंगराचा रस मधासारखा घट्ट आहे, म्हणून काळजी. पातळ असता तर ओहोळासारखा वाहून गेला असता, माणूस चालत बाजूला होऊ शकतो. घट्ट रसात वायू अडकतो आणि सगळं एकदम फुटतं. पण तसं होण्याआधी राखेत ताजी काच दिसते. "दिसली का?" मी म्हटलं, "नाही. जी दिसली ती जुनी."

काका ओरडला, ऐकलंत ना, आमच्या शास्त्रीणबाईंनी सांगितलंय, उचला घमेली!

आईने पोटभर जेवू घातलं. बाबा मान वर न करता जेवले. मला वाटलं, त्यांना अभिमान वाटतोय आणि तो दाखवता येत नाहीये.

सोमवार, १७ मार्च

सगळी घरं परतली. खाण सुरू.

बुधवार, १९ मार्च

फोन मॅडमच्या टेबलावर वाजत होता, त्या बाहेर गेल्या होत्या, मी उचलला. मोठ्या प्रयोगशाळेतून. बाई घाईत होत्या. म्हणाल्या, अहो, दुसरा नमुना कधी पाठवताय? मी विचारलं, कसला दुसरा? "ताज्या काचेचा! तुमच्या मॅडमना गेल्या बुधवारीच कळवलंय मी. वरच्या रसातली आहे, जुनी नव्हे. वस्ती खाली आणली ना तुम्ही?"

बुधवारी. म्हणजे बैठकीच्या आदल्या दिवशी. म्हणजे मी दगडावर उभी राहिले त्याच्या दोन दिवस आधी.

मी काय उत्तर दिलं आठवत नाही. फोन ठेवला. टेबलावर मॅडमचा चष्मा होता, तो नीट घडी घालून ठेवला. का ठेवला? असल्या वेळीही माझे हात नीटनेटकेच.

त्या आल्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं. म्हणाल्या, "दार लावून घे."

मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? त्या म्हणाल्या, एका नमुन्यावर अख्खी वस्ती उठवायची, आणि मागच्यासारखं काहीच झालं नाही तर पुढच्या खेपेला कोणी उठणार नाही. दुसरा नमुना येईपर्यंत थांबायचं ठरवलं. मी म्हटलं, थांबायचं होतं तर थांबायचं. मला का पाठवलंत? गाडी होती, कर्णा होता. माझंच तोंड का? त्या खुर्चीवर बसल्या. एकदम म्हाताऱ्या दिसल्या. मला कीव आली नाही.

म्हणाल्या, "तुझ्या माणसांना काय हवं होतं ते तुला माहीत आहे असं तुला वाटतं."

हे मला ऐकवायचं! माझी माणसं मला यांनी समजावून सांगायची! बाटल्यांना दोरे बांधणाऱ्या बाईच्या मुलीला तुम्ही घडवलंत, ठीक आहे. माझ्या हाताला वळण लावलंत, माझं बोलणं सुधारलंत, कपातला चहा बशीत ओतू नको म्हणून सांगितलंत तेही मी ऐकलं. हे सगळं यासाठी होतं का? एक दिवस मला दगडावर उभी करता यावी म्हणून?

हे सगळं मी तिथे बोलले नाही. इथे लिहितेय. तिथे फक्त म्हटलं, आत्ताच्या आत्ता कळवा. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. अधिकारी म्हणाले, ट्रक परवा दुपारपर्यंत.

परवा!

गुरुवार, २० मार्च

पहिल्या बसने वर आले. आमच्या खोलीत बसून लिहितेय.

दारोदार गेले. म्हटलं, मी चुकीचं सांगितलं, निघा. एक बाई म्हणाली, गेल्या शुक्रवारी तूच ना गं सांगितलंस, भांड्याचं झाकण? दुसरी म्हणाली, पुन्हा त्या सभागृहात नाही जायचं, मेले तरी. मी ताज्या काचेचं सांगायला लागले, ती म्हणाली, ताजी, शिळी — तुमचं तुम्हीच ठरवा आधी.

काका खाणीवर होता, गाढवांना पाणी पाजत. ऐकून घेतलं. मग म्हणाला, "एकदा बसा, एकदा उठा. शाळेत कवायत शिकवतात ते हेच का?" पण हसला नाही. माझ्या डोक्यावर टपली मारली. उद्या ट्रक आले की बघू म्हणाला, गाढवांना ट्रकमध्ये घेतात का विचारून ठेव.

काही घरं संध्याकाळी गेली. सगळी नाही. आईने बोचकी बांधली. बाबांना मी सगळं सांगितलं — फोन, बुधवार, दार लावून घे. मॅडमना मी खोटारडी म्हटलं, विश्वासघातकी म्हटलं, याहून वाईटही म्हटलं. ते म्हणाले, सकाळी निघू. आवाज ओळखू येईना त्यांचा.

शनिवार, २२ मार्च

काका आला नाही.

सोमवार, २४ मार्च

तेच सभागृह. तीच लांब खिडकी. मुलं फळ्यावर रेघोट्या मारतायत. लिहून काढते. लिहिलं नाही तर कधीतरी मला वाटेल, झालंच नाही.

शुक्रवारी उजाडताच निघालो. बस वळणावर होती तेव्हा आवाज झाला. कानाने ऐकला नाही, छातीने. मागे बघितलं तर डोंगराच्या माथ्यावरून करडा खांब सरळ वर चाललेला, वरवर रुंद होत, आणि त्याच्या पोटात विजा. सोड्याचं बूच. तेच, फक्त एवढं मोठं. मग टपावर टपटप — गारा पडतात तशी, पण हलकी. एक आत आला, आईच्या मांडीवर. हलका दगड. कोमट. आमच्या खाणीतला असतो अगदी तसाच, फक्त काही क्षणांपूर्वी बनलेला. आईने तो घाईघाईने बाटलीत घालायला बघितला, बाटली नव्हती, मग पदरात बांधला. बिचारी. तिला वाटलं, मला लागेल.

मग जड दगड पडायला लागले. तांबडे-काळे, पावासारखे तडे गेलेले. ड्रायव्हरने बस पुलापलीकडे नेली आणि थांबवली, पुढचं दिसत नव्हतं. आणि तिथून आम्ही ते पाहिलं. लोक अजून म्हणतायत लाव्हा आला. लाव्हा नव्हता. वर गेलेला खांब पेलला नाही, त्याची एक बाजू ढासळली, आणि तापलेली राख, दगड, वायू असं सगळं मिळून ओढ्याच्या वाटेने खाली आलं. आवाज न करता. लोकरीसारखं मऊ दिसत होतं. वस्तीवरून गेलं, खाणीवरून गेलं, मग वस्ती नव्हती.

आमच्या बसमध्ये आम्ही सगळे होतो, काका सोडून. पहाटे तो आमच्याबरोबरच निघाला होता. बसपाशी आला आणि म्हणाला, गाढवं बांधलेली आहेत, सोडून येतो, तुम्ही व्हा पुढे. ट्रक दुपारी येणारच आहेत. बाबा म्हणाले, राहू दे. काका म्हणाला, "तुमचीच आहेत, दादा. दोरी तोडून येतील का?" आणि पायवाटेने वर गेला. शीळ घालत.

आणखीही घरं राखेखाली गेली. दाराशी "ताजी, शिळी" म्हणाली ती बाई गेली.

आईच्या पदरातला दगड मी भिंगाशिवाय बघितला. बुडबुडे, पातळ भिंती, काचेच्या. सुंदर आहे. मला तो सुंदर दिसला याची मला लाज वाटते. मागच्या वेळीही आम्ही याच सभागृहात होतो आणि डोंगर गप्प होता. आता डोंगर आपल्याच ओकारीने थोडा उंच झालाय. असाच बनतो तो. थरावर थर. आमची वस्ती आता एक थर आहे.

शुक्रवार, २८ मार्च

मॅडम आल्या. एकट्या, पांघरुणांचा गठ्ठा घेऊन. बायकांनी पाठी फिरवल्या.

मी उठले. सगळ्यांसमोर म्हटलं, "माझ्या काकाला तुम्ही मारलंत. आणि माझ्या हाताने मारलंत."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्यामागे कुठेतरी बघत होत्या. गठ्ठा दाराशी ठेवून गेल्या. बाबा उठून मागच्या दाराने बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत. आई म्हणाली, त्यांच्यासमोर काकाचं नाव काढत जाऊ नकोस, सहन होत नाही त्यांना.

पांघरुणं कोणी घेतली नाहीत. रात्री गारवा वाढल्यावर मुलांनी घेतली.

बुधवार, २ एप्रिल

चौकशी समिती बसणार आहे. मंगळवारी. मॅडमची, यंत्रवाल्या दादांची, माझी साक्ष. वस्तीतल्या लोकांनाही बसायची परवानगी.

लोक आता माझ्याशी पुन्हा बोलतात. म्हणतात, सगळं सांग, आमच्यात नीट बोलता येणारी तू एकटी. म्हणजे पुन्हा मीच दगडावर उभी. पण या वेळी जे पाहिलं तेवढंच बोलायचं. मी मनाशी सारखं घोळवतेय: काच सोमवारी दिसली. उत्तर बुधवारी आलं. गुरुवारी त्या खोटं बोलल्या. शुक्रवारी ते खोटं मी वाहून नेलं. यात एक शब्द जास्त नको, एक कमी नको. चिडून काही बोलले तर माझीच साक्ष गढूळ होईल.

काल एक क्षण वाटलं, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता तो खरा होता. मग वाटलं, ते आणखीच वाईट. परक्याने फसवलं असतं तर मी एवढी आतून जळले नसते.

बाबांना म्हटलं, तुम्ही याल ना? माझ्या शेजारी बसा, मला धीर येईल. त्यांनी मान हलवली. जेवत नाहीत. आई घास पुढे करते तर म्हणतात, ठेव, नंतर.

सोमवार, ७ एप्रिल

उद्या. एप्रनची गुंडी लावली. एप्रन घालायचा की नाही ठरत नाहीये. मी अजून वेधशाळेची आहे का?

आईला विचारलं, मी मॅडमना शिक्षा व्हावी म्हणून बोलतेय की खरं म्हणून? ती म्हणाली, "मला कुठे तेवढं कळतं बाई. तू झोप."

मंगळवार, ८ एप्रिल

समितीच्या अध्यक्षांनी मॅडमना विचारलं, उत्तर दाबून ठेवा असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? मॅडम म्हणाल्या, नाही, निर्णय माझा. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मागून कोणीतरी थू केलं.

माझ्या शेजारची खुर्ची सरकली. बाबा उभे राहिले होते.

"मी सांगितलं होतं, साहेब. वेधशाळेत जाऊन. काच ताजी वाटते असं बाई म्हणाल्या मला. तरी हात जोडले. म्हटलं, आमची म्हातारी त्या सभागृहात मेली, पुन्हा नका उठवू. आणि पोरीला पाठवा, तिचं ऐकतील — हेही मीच म्हणालो."

मॅडमनी डोळे मिटून घेतले होते.

मग माझं नाव पुकारलं. मी उठले. बाबा अजून बसले नव्हते.